साडी तीच, नजर वेगळी

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे गणपती विसर्जनाची गडबड असते. ढोल-ताशे, गुलाल, पाणावलेले डोळे. नेमक्या त्याच दिवशी वाराणसीत, गंगेच्या पलीकडच्या काठावर रामनगरला, एक नाटक सुरू होतं आणि ते थेट कोजागरीच्या आसपास संपतं. महिनाभर चालणारं नाटक! तेही माइकशिवाय, विजेच्या दिव्यांशिवाय. ही रामनगरची सुप्रसिद्ध रामलीला.

तुम्ही पहिल्यांदाच ती पाहायला गेलात, तर पेट्रोमॅक्सच्या उजेडात तुम्हाला एक सीता दिसेल. जरीची वस्त्रं, दागिने, डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर चंदनाची नक्षी. आजूबाजूच्या आज्या तिला हात जोडत असतील. मग शेजारचा कुणीतरी तुम्हाला सांगेल की ही सीता म्हणजे एक शाळकरी मुलगा आहे.

तुम्हाला थोडं आश्चर्य वाटेल, पण तिथल्या माणसांना मुळीच वाटत नाही. आणि याच गोष्टीबद्दल आज आपण बोलणार आहोत. मुलाने किंवा पुरुषाने स्त्रीचा वेश केला की कधी आपण हात जोडतो, कधी टाळ्या वाजवतो आणि कधी फिदीफिदी हसतो. असं का होतं?

सीता कशी घडते?

रामनगरची ही लीला १९व्या शतकाच्या पूर्वार्धापासून काशीच्या राजघराण्याच्या आश्रयाने चालत आली आहे. तिचा आधार म्हणजे तुलसीदासांचं रामचरितमानस. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता या पाच भूमिका लहान मुलं करतात. त्यांना तिथे 'नट' म्हणत नाहीत, 'स्वरूप' म्हणतात. मुकुट डोक्यावर चढला की तो मुलगा म्हणजे साक्षात देव, अशी तिथली श्रद्धा.

ही मुलं परंपरेने ब्राह्मण घरांतली असतात. मुलगा दिसतो कसा, त्याचं पाठांतर कसं आहे, आवाज किती दूर जातो, हे सगळं पाहून निवड होते आणि शेवटचा शब्द काशीच्या महाराजांचा असतो. एक अट मात्र पक्की. आवाज अजून फुटलेला नसावा. म्हणजे सीतेची भूमिका मिळते ती बालपण आणि तारुण्याच्या मधल्या थोड्याशा काळापुरतीच.

लीला सुरू होण्याआधी कित्येक आठवडे तालीम चालते. शिकवणाऱ्या गुरूंना 'व्यास' म्हणतात. या काळात मुलं घरापासून दूर, व्यासांच्या देखरेखीखाली राहतात. खाणं साधं, दिनक्रम कडक. जरा विचार करा, आपल्या घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला आईशिवाय इतके दिवस राहायला लावलं तर? पण रामनगरमध्ये हा मान समजला जातो.

सीतेचा एक दिवस

लीला साधारण संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू होते, पण तयारीला त्याआधीच हात घालावा लागतो. चेहऱ्याचा शृंगार हे मोठं जिकिरीचं काम. चंदनाच्या रेषा, त्यावर एकेक करून चिकटवलेल्या चमकत्या टिकल्या. तेवढा वेळ मुलाला न हलता बसावं लागतं. नाक खाजलं तरी हात लावायचा नाही. मग वस्त्रं, दागिने आणि शेवटी मुकुट.

मुकुट चढल्यावर सगळंच बदलतं. मघापर्यंत ज्याला मोठी माणसं 'अरे इकडे ये' म्हणत होती, त्याच्या पायाला आता हीच माणसं हात लावतात. एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं असेल तर स्वरूपांना अनेकदा खांद्यावर उचलून नेलं जातं.

आणि जागा तरी किती! रामनगरच्या लीलेला एक ठरलेला रंगमंच नाही, सगळं गावच रंगमंच आहे. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे. चित्रकूट, पंचवटी, लंका, सगळ्यांच्या जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या. कथा पुढे सरकते तसे प्रेक्षकही चालत पुढे जातात. रोज न चुकता येणाऱ्यांना तिथे 'नेमी' म्हणतात. त्यांच्या हातात मानसाची पोथी असते आणि ओळीवरून बोट फिरवायला छोटी टॉर्च.

संवादाआधी मोठ्याने हाक दिली जाते, 'चुप रहो! सावधान!' आणि हजारोंची गर्दी शांत होते. त्या शांततेत एका कोवळ्या गळ्यातून सीतेचे शब्द येतात. माइक नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द ताणून, उंच स्वरात म्हणावा लागतो. बायकी लाडिकपणा नाही, मुरका नाही. आवाज, वेश आणि समोरच्यांची श्रद्धा, एवढ्यावरच सीता उभी राहते.

काही दिवस तर सीतेला बोलायचंही फारसं नसतं. हरणानंतर ती अशोकवाटिकेत बसून असते. गर्दी रामाबरोबर दुसरीकडे गेलेली असते आणि इकडे एक मुलगा दागिन्यांच्या ओझ्याखाली शांत बसलेला. तरीही काही लोक मुद्दाम तिकडे जाऊन तिचं दर्शन घेतात.

दर दिवसाचा शेवट आरतीने होतो. महताबी पेटवतात, लाल-पांढऱ्या प्रकाशात सगळं उजळून निघतं. राज्याभिषेकाच्या रात्री तर राम-सीता रात्रभर सिंहासनावर बसतात आणि पहाटे सूर्य उगवताना 'भोर की आरती' होते. ती पाहायला प्रचंड गर्दी लोटते.

मग मुकुट उतरतो आणि देव पुन्हा मुलगा होतो. काही दिवसांनी शाळाही सुरू होते. या मुलाला कुणी 'बायकी' म्हणून चिडवतं का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मुद्दा हा आहे की ज्या गावाने त्याच्या पायाला हात लावला, ते गाव त्याच्या साडीला हसायला सहजासहजी धजत नाही.

चेतगंजची रात्र

रामनगर गंगेपलीकडे. आता अलीकडे, भर शहरात येऊ. कोजागरीनंतर चौथ्या दिवशी आपल्याकडे संकष्टी असते, उत्तर भारतात त्याच दिवशी करवा चौथ. त्या रात्री वाराणसीच्या चेतगंज भागात 'नक्कटैया' भरते. नाव ऐकून गंमत वाटेल, पण अर्थ सरळ आहे. नाक कापण्याची लीला. लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतो, ती भावांकडे दाद मागायला जाते आणि खर-दूषणाची सेना वाजतगाजत निघते. ही सेना म्हणजेच नक्कटैयाची मिरवणूक. काशीत ज्या जत्रांना लाखांनी माणसं लोटतात त्यांना 'लक्खा मेला' म्हणतात. नक्कटैया त्यांतलीच एक.

इथे सोंगांची नुसती रेलचेल असते. पुरुष काली होतात, दुर्गा होतात, मुखवटे लावून तलवारी फिरवतात. देखावे, चमत्काराचे प्रयोग, बँड, फुगे, जिलेबी. स्वातंत्र्यापूर्वी या मिरवणुकीत ब्रिटिश राजवटीला टोमणे मारणारे देखावेही निघायचे.

रामनगरमध्ये भक्तीने मान खाली जाते, तर चेतगंजमध्ये लोक मनमुराद मजा करतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. स्त्रीवेश केलेला पुरुष गर्दीच्या मधोमध, उघडपणे वावरतो आणि त्याला कुणाची भीती नसते, कारण त्या रात्री सगळं शहर त्या खेळात सामील असतं.

पण ही ढाल सगळ्यांना मिळत नाही

याच भोजपुरी पट्ट्यात 'लौंडा नाच' नावाची कला आहे. पुरुष साडी-चोळी नेसून, घुंगरू बांधून लग्नात किंवा गावच्या कार्यक्रमात नाचतात, गातात, नाटक करतात. या कलेला मोठं केलं ते भिखारी ठाकूर यांनी. बिहारच्या सारण जिल्ह्यातले, न्हावी समाजात जन्मलेले हे लोककलावंत. कामासाठी परदेशी गेलेला नवरा, मागे राहिलेली बायको, मुलींची पैशांसाठी होणारी लग्नं, असे विषय त्यांनी लोकांसमोर मांडले. स्त्रियांची दुःखं साडी नेसलेल्या पुरुषांनी सांगितली आणि गावंच्या गावं रडली.

त्यांच्याच मंडळीत लहानपणी आलेले रामचंद्र मांझी नव्वदी गाठेपर्यंत स्त्रीवेशात नाचत राहिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ मध्ये ते गेले.

पद्मश्री मिळाली, हे खरं. पण त्या नाचातल्या बाकीच्या कलाकारांचं काय? ते बहुतेक गरीब, मागास आणि दलित समाजांतले. लग्नाच्या मांडवात दारू प्यायलेले पाहुणे त्यांना ओढतात, अंगाला हात लावतात, पैसे दाखवून नाचायला लावतात. 'लौंडा' हा शब्दच अनेकदा शिवीसारखा वापरला जातो.

आता दोघांना शेजारी ठेवून पाहा. रामनगरचा मुलगा आणि मांडवातला नाचणारा. दोघंही पुरुष, दोघांच्याही अंगावर स्त्रीची वस्त्रं. एकाला खांद्यावर घेतात आणि दुसऱ्याची टर उडवतात. मग फरक साडीत आहे का? फरक आहे तो जातीत, पैशात आणि आपण कुठल्या जागी त्यांना पाहतो यात.

आपल्या घरचं काय?

'हे सगळं तिकडे यूपी-बिहारात' असं म्हणून सुटायची सोय नाही. आपल्याकडेही अगदी हेच आहे.

दादासाहेब फाळके यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. कुठलीही स्त्री कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. शेवटी मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. म्हणजे भारताच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची नायिका एक मराठी पुरुष होता! आणि योगायोग पाहा, हरिश्चंद्र-तारामतीच्या कथेतला सगळ्यात कठीण प्रसंग घडतो तो काशीच्या स्मशानात. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या.

बालगंधर्वांबद्दल तर काय सांगायचं! नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलं. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली, तरी ते भामिनी म्हणून रंगमंचावर आले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर तुम्हाला ठाऊक आहेच.

सिंधुदुर्गात दशावताराची मंडळी आजही गावोगाव जत्रांना जाते. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकात राण्या, अप्सरा, सती सगळे पुरुषच. चांगला स्त्रीपार्टी नट कुठल्या कंपनीत आहे, हे प्रेक्षकांना तोंडपाठ असतं.

आणि तमाशातला नाच्या? तिथे मात्र आपण बदलतो. २०१० साली आलेला 'नटरंग' आठवतो ना? आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. पिळदार शरीराच्या गुणा कागलकरला राजा व्हायचं असतं, पण फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो आणि गाव, घर, मुलगा, सगळं हातातून निसटतं. पडद्यावर आपण रडलो. पण जुन्या तमाशापटांमध्ये नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरही चेष्टा सहन करावी लागली, हेही आपल्याच महाराष्ट्रात घडलं.

बालगंधर्वांची साडी आणि नाच्याचा मुरका, दोन्ही अभिनयच. एकाला आपण कला म्हटलं, दुसऱ्याला शिवी बनवलं.

मुलगेच का, मुली का नाहीत?

तुमच्यापैकी अनेकींच्या मनात हा प्रश्न आला असेल. यायलाच हवा. पुरुष स्त्रीभूमिका करत होते कारण घरंदाज स्त्रीने रंगमंचावर जाणं समाजाला मान्य नव्हतं, आणि ज्या जात होत्या त्यांना मान नव्हता. म्हणजे ज्या परंपरेचं आपण कौतुक करतो, तिच्या पायाशी बायकांसाठी बंद असलेलं एक दार आहे.

आज देशभरातल्या अनेक रामलीलांमध्ये मुली आणि स्त्रिया सीता होतात. रामनगरने मात्र जुनी पद्धत जपली आहे. तिथे कैकेयी, मंथरा, मंदोदरीही पुरुषच. परंपरेचं सौंदर्य पाहताना तिची मर्यादाही पाहावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात.

घरात हा प्रश्न येतो तेव्हा

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलगी फेटा बांधून, मिशी काढून मावळा झाली की आपण कौतुकाने फोटो काढतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो. पण मुलगा नऊवारी नेसून लावणी करतो म्हणाला तर? 'लोक काय म्हणतील' इथपासून 'याला काही झालंय का' इथपर्यंत चर्चा जाते. अशा वेळी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर बरं.

पहिली गोष्ट, कपडे आणि ओळख एकच नसतात. विरुद्ध लिंगाचे कपडे घालणाऱ्याला क्रॉसड्रेसर म्हणतात. कुणी ते नाटकासाठी घालतं, कुणी हौसेखातर, कुणाला त्यात बरं वाटतं म्हणून. त्यावरून तो माणूस कोण आहे, त्याला कोण आवडतं, याचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी गोष्ट, कुणासाठी ते नाटक नसेल तरीही तो आपलाच माणूस आहे. जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि मनातली ओळख जुळत नाही, अशी माणसंही आपल्यात आहेत. आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात मान्य केला आहे. मूल काही सांगू पाहत असेल तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ओरडू नका, हसू तर मुळीच नका. गरज वाटली तर चांगल्या समुपदेशकाशी बोला, पण ते मुलाला 'सरळ करायला' म्हणून नको, त्याला समजून घ्यायला हवं.

तिसरी गोष्ट, भाषा सांभाळा. 'बायकांसारखा रडतोस काय', 'बांगड्या भर' ही वाक्यं आपण सहज बोलून जातो. त्यातून मुलगा शिकतो की बाईसारखं असणं म्हणजे कमी असणं. आणि शेजारी बसलेली मुलगीही तेच शिकते.

चौथी गोष्ट, मुलाला स्त्रीभूमिका मिळाली तर ती मन लावून करायला सांगा. साडी कशी सावरायची, हे आजीकडून शिकू दे. भर उन्हात नऊवारी नेसून काम करणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी अंगावर कळेल. प्रेक्षकांतून कुणी ओरडलंच, तर तुम्ही पहिल्या रांगेत बसून जोरात टाळी वाजवा. त्या टाळीची त्याला खूप गरज असते.

वाराणसीला जायचं असेल तर

अनंत चतुर्दशी ते कोजागरी या काळात जाणार असाल तर एक संध्याकाळ रामनगरसाठी ठेवा. सामने घाटाजवळच्या पुलावरून पलीकडे जाता येतं. आज लीला कुठे आहे, हे स्थानिकांना विचारा, कारण जागा रोज बदलते. चालावं लागेल, म्हणून साध्या चपला घाला. बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी सोबत घ्या. आजी-आजोबा असतील तर किल्ल्याजवळच्या लीलेचा दिवस निवडा. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, आणि फ्लॅश तर नकोच.

मुलांना घेऊन गेलात तर त्यांना सीतेजवळ जाऊन पाहू द्या. 'आई, हा मुलगा आहे?' असा प्रश्न ती विचारतीलच. तेव्हा 'हो, मुलगाच आहे, आणि बघ किती छान सीता झालाय' एवढंच उत्तर द्या. मग परतल्यावर गल्लीत, लग्नात किंवा सिग्नलला कुणी साडी नेसलेला पुरुष दिसला आणि कुणी हसलं, तर तुमची मुलं त्या हसण्यात सामील होणार नाहीत.